आधी डोक्यावरचं बघा, खिडक्या नंतर

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे अकोल्याचे, बरीच वर्षं ॲरिझोनात आहोत. मागच्या वर्षी मेसामध्ये १९६८ साली बांधलेलं घर घेतलं. एकमजली, सिमेंट ब्लॉकच्या भिंती, १,६५० चौरस फूट. जुलैचं विजेचं बिल पाचशे डॉलरवर गेलं, तरी संध्याकाळी पश्चिमेची खोली ८४ फॅरनहाइटच्या खाली येत नाही. एसीवाला म्हणतो, साडेतीन टनाचं युनिट काढा, पाच टनाचं बसवा. खिडकीवाला म्हणतो, सगळ्या खिडक्या बदला, अठरा हजार डॉलर. बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. ते म्हणतात, एवढ्या जाड भिंती असून घर तापतं कसं? आणि छतावर जुना कूलर पडलाय, तो का चालवत नाही? त्यात बायकोचा दातांचा दवाखाना टेंपीत १९७९ च्या एका सपाट छपराच्या जुन्या स्ट्रिप मॉलमध्ये भाड्याच्या गाळ्यात आहे. तिथे मागच्या खोलीत पेशंट घामाघूम होतात. माझ्याकडे दहा-बारा हजार डॉलर आहेत. सुरुवात कुठून करू?
— भाजलेला वऱ्हाडी

भाजलेले वऱ्हाडी,

दोघांनाही या महिन्यात चेक देऊ नका. एसीवाला खोटं बोलतोय असं नाही. त्याच्याकडे विकायला एसी आहेत, म्हणून त्याला तुमच्या घरात एसीचीच उणीव दिसते. खिडकीवाल्याचंही तेच. तुमच्या घराचा खरा दुखणारा भाग दोघांनीही उघडून पाहिलेला नाही, कारण तिथे जुलैच्या दुपारी चढायला कुणीच राजी नसतं. तो म्हणजे ॲटिक, तुमच्या सीलिंगच्या वरची आणि छपराच्या खालची पोकळी.

थोडं गणित करू या, तुम्ही इंजिनिअर असाल असं गृहीत धरते. बाहेर ११० असताना या भागातल्या ॲटिकमध्ये १४० ते १५० फॅरनहाइट सहज होतं. आत तुम्हाला ७८ हवं असं धरू. म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंत फरक साधारण ३२ अंशांचा, आणि सीलिंगच्या दोन बाजूंत ७२ चा. इन्सुलेशनची ताकद इथे ‘आर’च्या आकड्यात मोजतात, आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी झिरपते. साठच्या दशकातल्या घरांत वर जे काही पसरलेलं असतं ते दबून, विखरून जेमतेम आर-११ च्या घरात उरलेलं असतं. १,६५० चौरस फूट गुणिले ७२, भागिले ११: ताशी १०,८०० बीटीयू (बीटीयू हे उष्णता मोजायचं इथलं एकक). एक टन एसी म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. तुमच्या साडेतीन टनांतला जवळजवळ एक टन नुसत्या सीलिंगमधून उतरणारी उष्णता उपसण्यात जातोय.

तेच आर-३८ केलंत तर आकडा ३,१०० वर येतो. म्हणजे पाऊण टनाच्या जरा कमी मोकळं झालं, तेही एकही यंत्र न बदलता. पुढे कुणी म्हणेल, आर-६० करा, मग बघा. तर ६० केल्यावर आणखी साधारण ११०० बीटीयू वाचतात. पहिली उडी मोठी असते, दुसरी उगाच महाग. नव्या घरांसाठीच्या २०२१ च्या आदर्श नियमावलीने या हवामानाला आर-४९ मागितलं होतं. तुम्ही ३८ ते ४९ च्या मध्ये कुठेही थांबलात तरी चालेल. फुंकून पसरायचा सेल्युलोज साधारण इंचाला साडेतीन आर देतो, फायबरग्लास त्याहून थोडं कमी. दोन्ही चांगले, भांडू नका. तुमच्या आकाराच्या घराला हे काम अंदाजे दोन ते साडेतीन हजारांत होतं.

पण त्याच्याही आधी डक्ट. मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. एसीतून निघालेली ५५ अंशांची हवा तुमच्या खोल्यांपर्यंत जाते ती त्याच १५० अंशांच्या ॲटिकमधून, पत्र्याच्या नळ्यांतून, ज्यांच्यावर आर-४ ची पातळशी गुंडाळी असते. सीलिंगला ७२ अंशांचा फरक आणि त्यावर आर-३८ हवं म्हणतो आपण; नळीला ९५ अंशांचा फरक आणि तिला आर-४! घरातली सगळ्यात थंड वस्तू घरातल्या सगळ्यात तापलेल्या जागी ठेवून दिली आहे, पेटत्या चुलीवर पाण्याचा माठ ठेवावा तशी. शिवाय सांधे उसवलेले असतात. अमेरिकी सरकारचा एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो की सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळती, भोकं आणि निसटलेले जोड यांत वाया जाते. परत येणारी नळी गळत असेल तर ती ॲटिकची धुळकट, भाजणारी हवा ओढून तुमच्या एसीला पाजते. पश्चिमेची खोली ८४ वर अडते त्यामागे ऊन आहेच, पण ती खोली बहुधा डक्टच्या शेवटच्या टोकाला असणार. बघा एकदा.

म्हणून पाच टनाचं युनिट बसवणं तर सर्वांत वाईट. त्याच अरुंद, गळक्या नळ्यांतून जास्त हवा रेटली जाईल, जास्त गळेल, आवाज वाढेल, आणि ऑगस्टच्या पावसाळी दमटपणात ते पटापट चालू-बंद होऊन हवेतलं पाणी नीट काढणारच नाही. आधी घर दुरुस्त करा, मग ‘मॅन्युअल जे’ नावाची रीतसर भार-मोजणी मागा. कॉन्ट्रॅक्टरने घराचे चौरस फूट विचारून तिथल्या तिथे टन सांगितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. माझा अंदाज, साडेतीन टनच पुरतील आणि तेच यंत्र आणखी काही वर्षं ओढेल.

कामाचा क्रम असा ठेवा. ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या: मुख्य दारात पंखा बसवून घरातली हवा ओढतात आणि फटी कुठे आहेत ते दिसतं. सोबत डक्टची दाबाची चाचणी. एसआरपीला, म्हणजे तिथल्या वीज कंपनीला, फोन करून त्यांच्या तपासणीची आणि सवलतींची चौकशी आधी करा. या योजना दरवर्षी बदलतात. मग डक्टचे सांधे मॅस्टिकने, म्हणजे ब्रशने लावायच्या जाड लुकणाने, बंद करायचे. कापडी चिकटपट्टी उष्णतेत वर्षा-दोन वर्षांत सुटते, तिला हातही लावू देऊ नका, तिच्या नावात डक्ट असलं तरी. मग सीलिंगमधली भोकं: बाथरूमच्या पंख्याभोवती, दिव्यांच्या डब्यांभोवती, प्लंबिंगच्या पाइपांभोवती, ॲटिकच्या झाकणाभोवती. या सगळ्यानंतर फुंकायचं इन्सुलेशन. उलट क्रमाने केलंत तर फुटाच्या थराखाली भोकं शोधत बसावं लागेल. छज्जाखालच्या हवेच्या जाळ्या बुजणार नाहीत यासाठी तिथे पुठ्ठ्याचे किंवा फोमचे पन्हाळ लावतात. ते लावलेत का हे स्वतः फोटो मागून बघा.

फटी बुजवल्याचा आणखी एक फायदा विंचवांना विचारा. इथला बार्क स्कॉर्पियन क्रेडिट कार्डाच्या जाडीच्या फटीतून आत येतो. बाबा घरात असताना हा मुद्दा बिलापेक्षा जास्त पटेल.

तीन सावधगिरी, आणि या गंभीर आहेत. एक, ॲटिकमध्ये करड्या-सोनेरी, चकाकणाऱ्या खड्यांसारखं भरलेलं काही दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. मोंटानातल्या लिबी इथल्या खाणीतून आलेल्या या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेला होता आणि १९९० पर्यंत तो खाणीतून निघत होता. हलवू नका, झाडू नका, तपासून घ्या. दोन, १९६५ ते १९७३ या काळातल्या काही घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग आहे. इन्सुलेशनखाली गाडण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. तीन, पाणी तापवायचं गॅसचं युनिट घराच्या आत असेल तर घर घट्ट केल्यानंतर त्याचा धूर उलटा फिरत नाही ना याची चाचणी अनिवार्य समजा. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

आता बाबांचा प्रश्न, कारण तो दोन्ही विक्रेत्यांच्या सल्ल्यांपेक्षा शहाणा आहे. वऱ्हाडातल्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती दिवसभराचं ऊन पोटात ठेवतात आणि रात्री सोडतात, घर थंड राहतं. हे चालायला दोन गोष्टी लागतात: भिंत खरोखर जाड हवी आणि रात्र खरोखर थंड हवी. तुमची भिंत आठ इंची पोकळ ब्लॉकची आहे, तिचा आर जेमतेम एक-दोन. दुपारी दोनला तापलेली पश्चिम भिंत पाच-सहा तासांनी, म्हणजे बरोबर तुमच्या जेवणाच्या वेळी, आत उष्णता ओतते. आणि रात्र? जुलै २०२३ मध्ये तुमच्या शेजारच्या फीनिक्सचं किमान तापमान सलग १६ रात्री ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सियसच्या खाली उतरलं नाही. १९ जुलैला तर किमानच ९७ होतं. डांबर, काँक्रीट आणि लाखो एसींची बाहेर सोडलेली उष्णता शहराला रात्रीही निवू देत नाही. भिंतीनं सोडायचं कुठे? एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी मात्र बाबांचंच खरं: रात्री खिडक्या उघडा, सकाळी सातला बंद करा, दुपारपर्यंत एसी लागणार नाही.

याचा अर्थ भिंतींवर पैसा घालू नये असा नाही, फक्त आत्ता घालू नये. ब्लॉकच्या भिंतीला इन्सुलेशन बाहेरून द्यायचं असतं, म्हणजे भिंतीचं वजन घराच्या आतल्या थंडाव्याच्या बाजूला राहतं. बाहेरचा गिलावा कधीतरी नव्याने करालच, तेव्हा दीड-दोन इंच फोमचे पत्रे बसवून त्यावर स्टको करा, निदान पश्चिम आणि पूर्व बाजूला. ब्लॉकच्या पोकळीत फोम भरून देणारे लोक दार ठोठावतील. पोकळी भरते हे खरं, पण दोन पोकळ्यांमधल्या सिमेंटच्या आडव्या भिंतींतून उष्णता तशीच आत येत राहते, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्याचा निम्मासुद्धा फायदा पदरात पडेल असं मला वाटत नाही. जमिनीखाली काही करू नका. या हवामानात फरशीचं इन्सुलेशन नियमसुद्धा मागत नाहीत.

खिडक्यांचं: अठरा हजार नकोत. ऊन काचेतून आत आलं की पडदा लावून उपयोग थोडा, ते आत आलेलंच असतं. ते बाहेर अडवा. फीनिक्सभर घरांच्या खिडक्यांना बाहेरून काळ्या-तपकिरी जाळ्या दिसतात, त्या सनस्क्रीन. ८० किंवा ९० टक्के ऊन अडवतात, सगळ्या घराला मिळून हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास काम होतं. पश्चिमेला ९० टक्क्यांची घ्या, पूर्वेला ८०. उत्तरेला नाही घेतल्या तरी चालतं. दक्षिणेला छज्जा असेल तर निसर्गाने अर्धं काम केलेलंच आहे: इथे जूनमध्ये दुपारचा सूर्य ८० अंशांवर असतो, लहानसा छज्जासुद्धा काचेवर सावली पाडतो. पश्चिमेचा सूर्य आडवा येतो, त्याला छज्जा अडवत नाही, म्हणूनच जाळी किंवा झाड. पालो वेर्दे, मेस्क्वाइट ही इथली झाडं, पाणी कमी पितात. जाळ्यांमुळे घर हिवाळ्यात थोडं अंधारं वाटतं. नोव्हेंबरमध्ये काढून ठेवा, चार स्क्रू असतात. जुन्या काचा कधी फुटल्या तर बदलताना सौर उष्णतेचा गुणांक, म्हणजे उन्हाची किती उष्णता काच आत सोडते तो आकडा, ०.२५ किंवा कमी असलेल्या घ्या. तोपर्यंत त्या आहेत तशा राहू द्या.

छतावरचा कूलर. असे कूलर १९३० च्या दशकात ॲरिझोनातच घरोघरी पसरले. नागपूर-अकोल्याच्या माणसाला ते बघून माहेर आठवणं साहजिक आहे. मे-जूनच्या कोरड्या हवेत ते उत्तम चालतात, वीज एसीच्या तुलनेत नगण्य. जुलैत मान्सून आला, दवबिंदू ५५ फॅरनहाइटच्या वर गेला की नुसता दमट वारा. आणि तो चालवायला खिडक्या उघड्या लागतात, एसीला बंद. दोन्ही एकाच डक्टला जोडलेले असतात आणि मधली झडप वर्षानुवर्षं गळत असते. तुमचा कूलर वर्षानुवर्षं बंद असेल तर सध्या तो काय आहे? छताला पाडलेलं दीड-दोन फुटांचं भोक, ज्यातून थंड हवा वर जाते आणि धुळीच्या वादळात धूळ खाली येते. माझं मत: काढा, छत दुरुस्त करा, डक्ट बंद करा. बाबांसाठी मागच्या पॅशियोत एक चाकांचा कूलर आणा. मे महिन्याच्या संध्याकाळी तिथे बसायला मीसुद्धा येईन. इथलं पाणी जड आहे, गवतावर खारट थर चढतो, दर मोसमाला बदलावं लागतं हे त्यांना सांगायला नको.

छप्पर सपाट आहे की उताराचं ते तुम्ही लिहिलं नाहीत. सपाट असेल आणि त्यावर फवारलेला फोम असेल तर त्याचा पांढरा लेप दर पाच ते दहा वर्षांनी नव्याने द्यावा लागतो, कारण ऊन फोमला खातं. लेप उडून पिवळा फोम उघडा दिसत असेल तर वरची सगळी यादी थांबवून आधी ते करा. ॲटिकमध्ये चकचकीत फॉइल लावा असं कुणी सांगेल; उन्हाळी प्रदेशात त्याने थंड करण्याचा खर्च पाच ते दहा टक्के उतरू शकतो, पण डक्ट आणि इन्सुलेशन झाल्यावर त्यातलं बरंच उरत नाही. पैसे उरले तर बघा.

दवाखान्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे पहिला प्रश्न इन्सुलेशनचा नाही, करारनाम्याचा आहे. छप्पर मालकाचं, विजेचं बिल तुमचं, अशी वाटणी असते तिथे मालकाला छपरावर पैसे घालायचं कारणच नसतं. तुमचा करार ‘ट्रिपल नेट’, म्हणजे भाड्याखेरीज कर, विमा आणि देखभालही भाडेकरूवर टाकणारा, असेल तर छपराच्या दुरुस्तीचा वाटाही तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. तेव्हा करार उघडून छप्पर, एसी युनिट आणि डक्ट यांची जबाबदारी कोणावर लिहिली आहे ते वाचा.

दुसरं, मागची खोली नक्की कशाने तापते ते ठरवा. दातांच्या दवाखान्यात मागे काय असतं? कॉम्प्रेसर, सक्शनचा पंप, निर्जंतुकीकरणाचं ऑटोक्लेव्ह. ही यंत्रं दिवसभर उष्णता ओकतात. त्या खोलीला लागूनच ती असतील तर छपरावर दहा हजार घालूनही पेशंट घामाघूमच राहील. तिथे यंत्रांच्या कोठडीतली हवा स्वतंत्र पंख्याने बाहेर काढणं शंभर पटीने स्वस्त. सकाळी नऊला, यंत्रं सुरू झाल्या झाल्या खोली तापते की दुपारी तीननंतर? वीस डॉलरचा तापमान नोंदवणारा मापक ठेवा आठवडाभर. दुपारनंतर तापत असेल तर छप्पर किंवा पश्चिम भिंत. शिडी लावून छतावर बघा, एसीच्या नळ्या उघड्या उन्हात पडलेल्या आहेत का. या वयाच्या इमारतींत ते फार दिसतं, आणि त्यांची वरची गुंडाळी फाटून लोंबत असते. ती दुरुस्ती मालकाकडून करून घेणं सोपं असतं, कारण ती दिसते.

एक गोष्ट करू नका: खोट्या सीलिंगच्या फरश्यांवर इन्सुलेशनच्या गाद्या ठेवणं. कुणीतरी स्वस्तात सुचवेल. केबलवाला, एसीवाला, प्लंबर येतो, फरशी उचलतो, गादी सरकते, पुन्हा कोणी ठेवत नाही. वरची पोकळी आणखी तापते आणि डक्ट त्याच पोकळीत असतात. आणि एसीची परतीची हवा त्याच पोकळीतून जात असेल तर काही मिळवलंच नाही. सपाट छपराच्या इमारतीला इन्सुलेशन छपराच्या तक्त्यावर, वरून द्यायचं. छप्पर नव्याने घालायची वेळ आली की तक्त्यावर आर-२५ चे कडक फोमचे पत्रे आणि वर पांढरं आवरण, एवढं मागा. अलीकडचे व्यापारी इमारतींचे नियम या हवामानासाठी तेवढंच मागतात. पांढरं छप्पर धुळीने काळवंडतं, वर्षातून एकदा धुवून घ्यावं लागतं.

दवाखान्याच्या बिलात ‘डिमांड’ नावाची ओळ बघा. व्यापारी ग्राहकाला पुष्कळदा एकूण युनिटांखेरीज महिन्यातल्या सर्वांत जास्त ओढीच्या क्षणाचेही पैसे लागतात. दुपारी तीनला सगळे एसी, कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह एकत्र चालले की तो आकडा चढतो. ऑटोक्लेव्हची मोठी फेरी सकाळी किंवा संध्याकाळी लावणं फुकट आहे. घरच्या प्लॅनमध्ये महागडे तास असतील तर त्याआधी दोन तास घर ७५ पर्यंत उतरवून ठेवा आणि महाग वेळेत ८० वर सोडा; इन्सुलेशन झाल्यावर हे जमतं, आत्ता जमणार नाही.

पैशांचं शेवटचं. घराच्या इन्सुलेशनवर ३० टक्के, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत केंद्रीय करसवलत मिळायची. ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण झालेल्या कामाला ती नाही. अजूनही तीच सवलत वजा करून भाव सांगणारा कॉन्ट्रॅक्टर भेटला तर दुसरा शोधा. परवाना ॲरिझोना रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या नोंदीत तपासता येतो, तक्रारीही दिसतात. काम ऑक्टोबर ते मार्चमध्ये ठेवा: १५० अंशांच्या पोकळीत माणूस घाईने काम उरकतो, त्याला दोष देता येत नाही आणि तिथे माणसं दगावण्याचीही भीती असते. तोपर्यंत या उन्हाळ्यात फक्त पश्चिमेच्या जाळ्या बसवा, कूलरच्या डक्टला आतून तात्पुरतं फोमचं झाकण ठोका, आणि दवाखान्यात तो मापक ठेवा. करारनाम्याचं नूतनीकरण कधी आहे ते मला कळवा, छपराबद्दल मालकाला काय लिहायचं ते तेव्हा सांगेन.